रविवार सकाळ, रंकाळा आणि ओला कागद : कोल्हापुरातल्या आमच्या जलरंग गटाबद्दल

घाटावरचा | ९ जून, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी.

कोल्हापुरात दर रविवारी सकाळी काही लोक पाठीला सॅक, काखेत बोर्ड आणि हातात पाण्याची बाटली घेऊन कुठेतरी कोपऱ्यात बसलेले दिसतात. त्यांतला मी एक. आमच्या गटाला नाव नाही, नोंदणी नाही, फी नाही आणि शिकवणारंही कुणी नाही. शनिवारी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर जागा ठरते. सकाळी साडेसहाला जो येईल तो आला. बँकेतले आहेत, एमआयडीसीतले आहेत, एक दंतवैद्य, कला महाविद्यालयातली पोरं, संसार सांभाळून येणाऱ्या दोन-तीन ताई आणि आमचे निवृत्त कलाशिक्षक, ज्यांना सगळे सर म्हणतात पण जे कुणाला शिकवायला तयार नसतात.

जागा ऋतूप्रमाणे बदलतात. उन्हाळ्यात रंकाळा, कारण पाणी उतरलं की संध्यामठ उघडा पडतो आणि त्याची दगडी खांबांची रांग पाण्यात दिसायला लागते. पण एप्रिल-मेमध्ये साडेआठनंतर काम होत नाही. आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, खाली आणेपर्यंत वरचा काठ सुकलेला असतो आणि मधे पट्टा उमटतो. थंडीत पंचगंगा घाट. नदीवर धुकं असतं, शिवाजी पुलाच्या कमानी अर्ध्या दिसतात, अर्ध्या नाहीत. अधूनमधून पन्हाळा. तीन दरवाजा सगळ्यांचा आवडता, माझा सज्जा कोठीच्या बाजूचा उतार.

आणि दिवाळीनंतर गुऱ्हाळं. ज्यांनी जलरंगात गुऱ्हाळघर केलं नाही त्यांनी एकदा करून बघाच. रस उकळणाऱ्या काहिलीतून वाफ उठत असते, खाली चुलवाणात चिपाडांचा जाळ, छपराच्या फटींतून उन्हाच्या तिरिपी आणि त्या सगळ्यात गूळ करणारा गुळव्या उभा. वाफ जलरंगात काढता येत नाही, राखावी लागते. तेवढा कागद कोरा सोडायचा, कडा पाण्याने मऊ करायच्या आणि हात आवरायचा. हा शेवटचा भाग सगळ्यात अवघड. वर पुन्हा गुळव्या ताजा गरम गूळ हातावर ठेवतो, मग चित्रावर बोटांचे ठसे उमटतात ते वेगळेच.

आता धाग्याचं कारण.

आमच्यात एक प्रथा आहे. चित्रं झाली की सगळ्यांनी आपापलं चित्र जमिनीवर ओळीने मांडायचं. साधलेलं, बिघडलेलं, अर्धं राहिलेलं, सगळं. लपवायचं नाही. मग सगळे उभे राहून बघतात आणि बोलतात. माझ्या मते गट टिकलाय तो या मांडणीमुळे. नुसतं चित्रच काढायचं तर घरी टेबलावर पंख्याखाली बसून काढता येतं.

पण गेल्या काही महिन्यांत तीन-चार माणसं गळाली. विचारलं तर "वेळ मिळत नाही". खरं कारण मांडणीच्या वेळची बोलणी असावीत, असा मला संशय आहे. गटात आता दोन तट पडलेत. एक म्हणतो टीका बंद करा, फक्त बघा. दुसरा म्हणतो मग जमायचंच कशाला?

तुमच्यापैकी कुणी अशा गटात असाल, चित्रांच्या नसला तरी गाण्याच्या किंवा लिखाणाच्या, तर तुम्ही काय करता ते सांगा.

दुसरा प्रश्न साधा आहे. पाऊस सुरू झाला. आता बसायचं कुठे? जुलैत घाटच पाण्याखाली जातो.

---

जुना_बुधवार | ९ जून, रात्री १०:४१

नाद खुळा! तुमास्नी घाटावर बघितलंय की. मी म्हशी धुवायला येतो तवा तुम्ही पायऱ्यांवर बसलेला असताय. एका ताईंनी माझ्या म्हशी काढल्या हुत्या. झ्याक काढल्या, पण कागदावर चार आन् माझ्या तीनच हाईत. चौथी कुणाची म्हणून इचारलं तर म्हणाल्या, "तिथं काळं पाहिजे होतं." मला पटलं न्हाई, पर चित्रात बरी दिसत हुती.

---

ओली_माती | १० जून, सकाळी ७:०५

छान धागा. मी राजारामपुरीत राहते. शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या, इंटरमिजिएटला ए ग्रेड होती. त्यानंतर ब्रश हातात धरलेला नाही. आता मुलगी मोठी झाली, रविवार सकाळ मोकळी मिळते. आले तर चालेल का? रंग कुठले घेऊ? दुकानात गेले तर एवढे प्रकार दाखवले की रिकाम्या हातीच परत आले.

---

फळा_खडू | १० जून, सकाळी ९:३०

ओली_माती ताई, आधी काही घेऊ नका. या, बसा, दुसऱ्याच्या कागदावर चार फराटे मारा, मग ठरवा.

तरी घ्यायचेच असतील तर रंगांत काटकसर चालेल, कागदात नाही. कॅमलच्या आर्टिस्ट प्रतीच्या पाच-सहा ट्यूब पुरेत: अल्ट्रामरीन ब्लू, लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, एक लाल आणि हवा असेल तर एक हिरवा. कागद मात्र कॉटनचा, जाड, ३०० जीएसएम. महाग वाटतो, पण २२ बाय ३० इंचाच्या एका शीटचे आठ तुकडे होतात. शाळेतला कार्ट्रिज पेपर पाणी बसलं की फुगतो, रंग डबक्यात साचतो आणि माणसाला वाटतं आपल्यालाच येत नाही. निम्म्या लोकांनी या एका कारणापायी जलरंग सोडलेत.

काळी ट्यूब घरी ठेवा. कोल्हापुरात आलेला प्रत्येक नवा माणूस आधी काळा उघडतो, कारण इथं सगळा दगड काळा. पण घाटाच्या पायरीकडे सकाळी सातला नीट बघा. ओली असेल तर त्यात आकाश आहे, कोरडी असेल तर ती तपकिरी आहे, आणि जिथं रोजची वर्दळ असते तिथं जवळजवळ जांभळी. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना कमी-जास्त मिसळून यातलं सगळं मिळतं. शिवाय अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि दगडाचा खरखरीतपणा आपोआप येतो.

ए ग्रेडबद्दल एक सांगतो, रागावू नका. आम्हीच पोरांना स्मरणचित्रासाठी ठरावीक साचे पाठ करून घ्यायचो. बाजार आला की हा साचा, पाणवठा आला की तो. परीक्षेला पेपर हातात पडला की पोरं डोळे मिटून काढायची. चित्रकलेच्या परीक्षेत न बघता काढणं! त्यामुळे तुम्हाला पहिले दोन महिने समोरचं दिसणार नाही, डोक्यातलं झाड कागदावर येईल. येऊ द्या.

मांडणीबद्दल माझं मत गटात सांगितलंय, इथंही लिहितो. टीका असावी, पण ओल्या चित्रावर नसावी. जलरंग सुकल्यावर फिका पडतो. नऊ वाजता जे भडक वाटतं ते घरी गेल्यावर बरोबर बसलेलं असतं, आणि नऊ वाजता सुरेख वाटलेलं दुपारी मरगळलेलं. शिवाय काढणारा दोन तास उन्हात बसलेला आणि उपाशी असतो. त्या अवस्थेत माणसाला त्याच्या चित्राबद्दल खरं सांगू नये. आधी मिसळ, मग मत.

---

सपाट_वॉश | १० जून, दुपारी १:१५

मीही याच गटातला आहे आणि दुसऱ्या तटातला आहे.

एवढं नाजूक राहून कसं चालेल? गटातली चित्रं बघा. डावीकडे झाड, उजवीकडे घर, मधून रस्ता, रस्त्यावर आडवी जांभळी सावली, दोन माणसं आणि एक सायकल. समोर सायकल असो वा नसो. सगळे एकच व्हिडिओ बघून येतात. जलरंगातले चित्रकार मिलिंद मुळीक यांच्यामुळे महाराष्ट्रात एक अख्खी पिढी जलरंगाकडे वळली, याबद्दल आदरच आहे आणि दोष त्यांचा मुळीच नाही. ते जे सोडून देतात ते समजून-उमजून सोडतात. आपण त्यांनी सोडलेलं सोडतो आणि ठेवलेलं ठेवतो, बघत काहीच नाही.

हे कुणी सांगायचं? सगळे "वा वा", "मस्त" म्हणत राहिले तर वर्षानुवर्षं तीच सायकल.

---

निळी_छत्री | १० जून, रात्री ११:२०

मी गळालेल्यांपैकी एक. लिहू की नको असं बराच वेळ चाललं होतं.

टीकेमुळे मी थांबले हे अर्धवट खरं आहे. घाटावर एकट्या बाईने बोर्ड घेऊन बसायचं म्हणजे टीकेची सवय होतेच. पोरं घोळका करतात, कुणी विचारतं कितीला देणार, कुणी म्हणतं माझा फोटो काढा म्हणजे चित्र, एक आजी तर दर वेळी येऊन "अजून झालं नाही व्हय?" विचारून जायच्या. या सगळ्याची मजाच वाटायची.

थांबले ती दोन कारणांनी. एकदा मांडणीच्या वेळी गटातल्या एकांनी "हे असं करायचं असतं" म्हणत माझ्या चित्रावर स्वतःचा ब्रश चालवला. माझा कागद, माझी सकाळ. नदीतल्या सावल्या त्यांनी गडद केल्या. कदाचित चित्र सुधारलंही असेल, पण मग ते माझं राहिलं नाही.

दुसरं कारण मला जास्त लागलं. गणपतीनंतरच्या रविवारी मी घाटावरचं निर्माल्य काढलं होतं. प्लास्टिकच्या पिशव्या, थर्मोकोलचं मखर, पायरीवर लोळणाऱ्या केवड्यात अडकलेली चिप्सची पाकिटं, आणि मागे पुसट देवळं. मांडल्यावर पहिलंच वाक्य आलं, "हे कशाला? देवळं काढायची ना." दुसरे म्हणाले, प्रदर्शनात हे चालणार नाही. रंग कसा लागलाय, कडा कशा आल्यात, काही नाही. मी जे बघितलं तेच बघायला नको होतं, असा सूर होता. तेव्हा वाटलं की यांना घाट नकोय, घाटाचं कॅलेंडर हवंय.

सपाट_वॉश, तुमचं सायकलचं म्हणणं पटतं. पण सायकलबद्दल तुम्ही कधी मोठ्याने बोललेलं मी ऐकलं नाही. निर्माल्याबद्दल मात्र सगळे बोलले.

---

घाटावरचा | ११ जून, सकाळी ६:५०

निळी_छत्री ताई, लिहिलंत हे फार बरं केलंत.

ब्रशबद्दल चर्चा नको. दुसऱ्याच्या कागदाला हात लावायचा नाही, विचारूनसुद्धा नाही. दाखवायचं असेल तर आपल्या वहीत काढून दाखवा. ग्रुपच्या माहितीत आजच लिहितो.

निर्माल्याच्या चित्राचं जास्त बोलायला हवं, कारण आमचा खरा गुंता तिथेच आहे असं आता वाटतंय. आम्ही "कसं काढलं" यावर भांडतोय आणि "काय बघितलं" हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

---

कोटितीर्थाचा | ११ जून, सकाळी १०:१०

थोडं अवांतर, पण लागू पडेल.

या गावाला कलापूर म्हणतात, त्यात चित्रकार आबालाल रहिमान यांचा वाटा मोठा. मुंबईला जे. जे. मध्ये शिकून ते परत आले, शाहू महाराजांचा आश्रय मिळाला आणि उरलेलं आयुष्य त्यांनी इथलीच तळी, झाडं, पाणवठे रंगवण्यात घालवलं. १९३१ मध्ये गेले. १९२२ मध्ये महाराज वारल्यावर त्यांनी आपली हजारो चित्रं कोटितीर्थाच्या तळ्यात सोडली, असं गावात पिढ्यान् पिढ्या सांगतात. आकड्याचं सोडा, पण टाऊन हॉल म्युझियममध्ये त्यांची जी चित्रं आहेत ती एकदा निवांत बघून या. रंकाळा, संध्यामठ हे आपण दर उन्हाळ्यात काढतो ते त्यांचेच विषय. पण त्यांच्या चित्रात कुठेही "प्रेक्षणीय स्थळ" दिसत नाही. एखाद्या वेळची हवा दिसते, बस्स.

---

ओली_माती | ११ जून, सकाळी १०:३२

जलरंगाचं आणि कोल्हापूरचं नातं निघालंय म्हणून विचारते. हातात समई घेतलेल्या बाईचं ते प्रसिद्ध चित्र राजा रविवर्म्याचं ना? त्याचा कोल्हापूरशी काही संबंध आहे असं ऐकलं होतं.

---

कोटितीर्थाचा | ११ जून, सकाळी १०:५८

सगळे तसंच समजतात, पण ते रविवर्म्याचं नाही आणि तेलरंगातलंही नाही. सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं आहे, जलरंगातलं, १९४५-४६ च्या सुमाराचं. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. समोर उभी होती त्यांची मुलगी गीता. त्या पुढे लग्न होऊन उपळेकर झाल्या, कोल्हापुरातच राहिल्या आणि २०१८ मध्ये वयाची शंभरी ओलांडून वारल्या. वाताने न विझावी म्हणून ज्योतीआड धरलेला हात आहे ना, त्या बोटांच्या कडांतून जो लालसर उजेड येतो, तो पारदर्शक रंगात आणणं काय असतं ते ब्रश धरणाऱ्यालाच कळेल.

---

सपाट_वॉश | ११ जून, दुपारी २:०५

निळी_छत्री, सायकलचं लागलं. खरं आहे, तिथे गप्प बसतो. कारण ती काढणारे मित्र आहेत.

पण प्रश्न उरतोच. "काय बघितलं" एवढ्यावरच बोलायचं ठरलं तर ज्याला तंत्र शिकायचंय त्याने काय करायचं? वॉशमध्ये पाणी मागे येऊन फुलकोबीसारखे डाग का पडतात, हे मला एका रविवारी कुणीतरी रोखठोक सांगितलं म्हणून कळलं. अर्धवट ओल्या रंगात जास्त ओला ब्रश लावायचा नाही. "छान आहे डाग" म्हणून सोडून दिलं असतं तर मी आजही ते डाग झाडं म्हणून खपवत असतो.

---

पाऊस_तिकडचा | ११ जून, रात्री ११:४०

सिएटलहून. माहेर कोल्हापूर, म्हणून धागा अथपासून इतिपर्यंत वाचला.

शहरात जागेवर बसून चित्रं काढणाऱ्यांची 'अर्बन स्केचर्स' ही चळवळ याच गावातली. गॅब्रिएल कँपानारिओ या इथल्या वृत्तपत्रात काम करणाऱ्या चित्रकाराने २००७ मध्ये ती सुरू केली, आज जगभर शाखा आहेत. मी जाते त्या गटात तुमच्यासारखीच मांडणी असते. शेवटी सगळ्यांनी वह्या उघडून जमिनीवर किंवा कठड्यावर ठेवायच्या. त्यांच्या जाहीरनाम्यात दोन गोष्टी स्पष्ट आहेत. चित्र जागेवर बसून काढायचं, आणि समोर जे दिसतं त्याच्याशी प्रामाणिक राहायचं. निर्माल्याचं चित्र इथे सगळ्यात आधी उचलून धरलं गेलं असतं.

पण इकडचं सगळंच गोड समजू नका. आमच्या गटात टीका अजिबात होत नाही. सगळे सगळ्यांना "लव्हली" म्हणतात आणि कॉफी प्यायला जातात. मला पहिल्या वर्षी फार बरं वाटलं, नंतर कंटाळा आला. मग आम्ही काही जणींनी आपल्यापुरती एक रीत काढली. वही ठेवताना काढणारीने आधी एक वाक्य बोलायचं: मी कशासाठी बसले होते. "मला फेरीबोटीचा आकार हवा होता" किंवा "मला फक्त पावसातला उजेड पकडायचा होता." बाकीच्यांनी तेवढ्यावरच बोलायचं. उजेड हवा होता तर तो आला का, नसेल तर कुठे निसटला? मग तंत्राचं बोलणंही आपोआप होतं, कारण उजेड निसटतो तो तंत्रामुळेच.

---

फळा_खडू | १२ जून, सकाळी ८:१५

हे मला फार आवडलं. नोकरीभर वर्गात हे सुचलं नाही.

यात आणखी एक फायदा आहे. कशासाठी बसलो हे शेवटी सांगायचं असेल तर बसतानाच ठरवावं लागतं. निम्मी चित्रं बिघडतात ती सगळंच हवं असतं म्हणून. देऊळ हवं, नदी हवी, माणसं हवीत, मागचा पूलही सोडवत नाही.

---

जुना_बुधवार | १२ जून, सकाळी ८:४०

आन् म्हैस हवी.

---

कागदी_किडा | १२ जून, सकाळी ११:००

पावसाळ्याचा प्रश्न मागे पडला म्हणून लिहितो. मी रत्नागिरीचा, ओल म्हणजे काय ते आम्हाला विचारा.

जागा कुठलीही निवडा, आधी कागद वाचवा. चांगल्या कॉटन कागदावर जिलेटिनचा लेप असतो, म्हणूनच रंग वर राहतो आणि हलवता येतो. दमट हवेत कागद उघडा राहिला की हा लेप जागोजागी मरतो. कोरा असताना काही दिसत नाही. वॉश मारला की मधेच ठिपके ठिपके, तिथे रंग टिपकागदात शिरावा तसा आत जातो आणि मग निघत नाही. लोक रंगाला दोष देतात. शीट आणल्या आणल्या कापा, झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, आणि लागेल तेवढेच तुकडे बाहेर काढा. जुना साठा असेल तर कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. लगेच आत ओढला गेला तर तो कागद पेन्सिलला वापरा.

पावसात वॉश सुकतच नाही ही तक्रार सगळे करतात. मला तो फायदा वाटतो. ओल्यावर ओलं काम करायला एरवी मिनिटभर मिळतं, जुलैत निवांत मिळतं. ढग, डोंगरावरचं धुकं, भिजलेला रस्ता याच महिन्यांत करा. दुसरा थर लवकर द्यायचा हट्ट मात्र सोडा. दोन चित्रं शेजारी शेजारी सुरू करा, एक सुकेपर्यंत दुसरं.

प्रदर्शनाचा उल्लेख आलाय म्हणून आणखी थोडं. फ्रेम करताना चित्र काचेला टेकू देऊ नका, मधे माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच. नाहीतर ओलीने कागद काचेला चिकटतो आणि बुरशी धरते. आणि विकणार असाल तर ट्यूबवरचा रंगद्रव्याचा क्रमांक वाचा. पीआर ८३ म्हणजे खरा अलिझरिन, तो उजेडात विटतो. ऑपेरा पिंक हा भडक गुलाबीही तसाच. घेणाऱ्याच्या भिंतीवर दोन वर्षांत बोगनवेल पांढरी झाली तर तो पुन्हा येणार नाही.

---

शाडू | १२ जून, रात्री ९:२५

नमस्कार. मी शाहूपुरी कुंभार गल्लीत राहतो, घरात मूर्तीचं काम. धागा बायकोने दाखवला.

पावसात बसायला जागा पाहिजे म्हणताय, तर आमच्याकडं या. आत्ता साच्यातून मूर्ती निघत्यात. जुलैत अख्खी शेड पांढऱ्या गणपतींनी भरलेली असते, रंग लागायच्या आधी. वर निळी ताडपत्री असते, तिच्यातून येणाऱ्या उजेडात सगळे गणपती निळे दिसतात. चित्रकलेतलं मला कळत नाही, पण लहानपणापासून मला ते रंगवलेल्यापेक्षा बरं वाटतं.

२०१९ च्या पुराचं पाणी आमच्या शेडमध्ये किती चढलं होतं त्याची रेघ भिंतीवर अजून आहे. ऐन सीझन होता, मूर्ती तयार होत्या. त्यानंतर २०२१ लाही. आता आम्ही पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पातळीवर डोळा ठेवून असतो. ३९ फूट इशारा, ४३ धोका. ३९ झालं की मूर्ती वर हलवायला सुरुवात. तुम्ही आलात आणि त्या दिवशी हलवाहलवी निघाली तर बोर्ड ठेवून हात लावावा लागंल, हे आधीच सांगून ठेवतो.

---

निळी_छत्री | १२ जून, रात्री ९:५०

शाडू दादा, ती रेघ काढू दिलीत तर मी येते.

---

शाडू | १२ जून, रात्री १०:०२

काढा की. तिच्यासमोर पोती ठेवल्यात, ती बाजूला करून ठेवतो.

---

सपाट_वॉश | १२ जून, रात्री १०:३०

निळ्या उजेडात पांढरे गणपती! पांढरा रंग न वापरता ते करायचे म्हणजे कागदच गणपती, सावली तेवढी रंगवायची. शेकडो मूर्तींच्या रांगेत कुठली कड सोडायची आणि कुठली पकडायची याचा विचार करूनच घाम फुटला. मी येतोय, आणि माझं वाक्य आत्ताच सांगून ठेवतो: मला फक्त पुढची एक मूर्ती हवी आहे, मागच्या सगळ्या विरघळलेल्या. ती आली नाही तर तोंडावर सांगा, मिसळीच्या आधी सांगितलं तरी चालेल.

---

घाटावरचा | १३ जून, सकाळी ७:१५

ठरवून टाकतो मग, गटात सगळ्यांशी बोललोय.

मांडणी राहील. काढणाऱ्याने आधी एक वाक्य सांगायचं, बोलायचं ते त्यावर. ज्याला त्या दिवशी काहीच ऐकायचं नसेल त्याने चित्राशेजारी ब्रश आडवा ठेवायचा, बाकीच्यांनी बघून पुढे जायचं. विषयावर आक्षेप नाही. दिवाळी अंकापर्यंत चालवून बघू, नाही जमलं तर पुन्हा इथेच भांडू.

प्रदर्शनाचं अजून कच्चं आहे. शाहू स्मारकचं दालन थंडीत मिळतं का बघतोय. एक मुद्दा मात्र माझ्याकडून: निवड समिती नको. प्रत्येकाने आपलं एकच चित्र द्यायचं, कुठलं ते त्याचं त्याने ठरवायचं. यावर गटात एकमत नाही, सर स्वतःच विरोधात आहेत, त्यामुळे तो वेगळा धागा होईल.

खिद्रापूरबद्दल दोघांनी व्यक्तिगत निरोपात विचारलंय. तिथल्या कोपेश्वराच्या देवळात, स्वर्गमंडपात छताच्या गोल उघड्या भागातून खाली शिळेवर ऊन उतरतं ते सगळ्यांनाच काढायचंय, पण पावसात तिथे ऊन नसतं आणि कृष्णेला पाणी आलं की रस्त्याची खात्री नसते. डिसेंबरात जाऊ.

येत्या रविवारी कुंभार गल्ली. शाडू दादा, किती जण आलेले चालतील?

---

शाडू | १३ जून, दुपारी १२:४०

दहा-बारा बसतील. चपला बाहेर काढा, ओल्या मूर्तीला हात लावू नका, लहान पोरं आणलीत तर जवळ धरा. गाड्या गल्लीत घालू नका, टेम्पो येतो. अलीकडं दर रविवारी नऊच्या सुमाराला लाईट जाते आणि आतल्या बाजूला काही दिसत नाही, तवा साडेसहाचं नाव काढून सातला येऊ नका.

---

ओली_माती | १३ जून, दुपारी १:१०

मी नक्की. कागद आणला, आठ तुकडे केले, सिलिका जेलसाठी घरातले बुटांचे सगळे खोके पालथे घातले. काळी ट्यूब सेटमध्येच आली आहे हो सर, तिचं काय करू?

---

फळा_खडू | १३ जून, दुपारी १:२५

जुना_बुधवार यांना देऊन टाका.